डुगडुगणारा कमोड

आमच्या हर्णेच्या घरातला कमोड गेल्या पावसाळ्यापासून डुगडुगत होता. बसलं की डावीकडे एकदा टक्, उठलं की उजवीकडे एकदा टक्. मी पुण्याहून महिना-दीड महिन्यातून एकदा जाणारा माणूस, त्यामुळे मला त्याची गंमत वाटली. आईला नाही वाटली. ती आता चौऱ्याऐंशीची आहे. एका रात्री फोनवर म्हणाली, "अरे, होडीत बसल्यासारखं वाटतं. मी हल्ली संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही."

हे ऐकलं आणि माझी गंमत संपली. म्हाताऱ्या माणसाने संडासच्या भीतीने पाणी तोडायचं, आणि एखाद्या रात्री तोल गेला तर खुब्याचं हाड! त्याच शनिवारी गाडी काढली.

जाऊन पाहिलं तर कारण उघड होतं. या जागी आधी देशी पद्धतीचं भांडं होतं, वडिलांनी १९७९ साली बसवलेलं. आईचे गुडघे गेल्यावर २००६ साली ते काढून कमोड बसवला. गवंड्याने जुना खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरला, वर मसाला, वर टाइल्स. लोखंडी स्क्रू लाकडी गट्टूंमध्ये पिळले आणि भोवती पांढरं सिमेंट फासलं. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या हवेत लोखंड किती टिकणार? स्क्रू गंजून फुगले, गट्टू कुजले, खालची भर दबली. एका बाजूच्या स्क्रूचं तर नुसतं डोकं शिल्लक होतं. ते मी बोटाने उचललं.

शिवाय वास. कमोडमध्ये पाणी नीट उभं होतं, तरी वास येत होता. हे मला तेव्हा कोडं वाटलं. त्याबद्दल पुढे.

आता माणूस शोधणं आलं. ज्यांना आम्ही काका म्हणतो ते आळीतले गवंडी आले, वाकून बघून गेले. म्हणाले, "बसवून देतो, तासाभराचं काम. पण हा उचलून, खालचं साफ करून ठेवा. त्याला माणूस बघा."

"कसला माणूस?"

काका गप्प राहिले. मग म्हणाले, "आता तुमाला काय सांगायचं, भाऊ."

प्लंबरला फोन केला. त्यानेही शब्दाशब्दाने तेच सांगितलं. नवीन बसवणार, जुनं काढून साफ करणार नाही. त्याला माणूस बघा.

मला राग आला, आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं. कारण "माणूस बघा" म्हणजे कुठला माणूस, हे मला न विचारताच कळलं होतं. ते मी कुठे शिकलो? शाळेत तर नाही.

मग ठरवलं, आपणच करायचं. सामान आणायला दापोली गाठावी लागणार होती, आणि रविवारी दुकान उघडेपर्यंत माझ्यापाशी एक अख्खी रात्र होती. त्या रात्री झोप लागेना, तेव्हा डोक्यात जे फिरत राहिलं ते इथे उतरवून काढतो आहे.

आमच्या लहानपणी संडास हा शब्द घरात फारसा नव्हताच. 'परसाकडे' जायचं. हातात टमरेल, आणि वाडीच्या शेवटी माडांच्या पलीकडे. आजोबा 'बहिर्दिशेला' जात. दोन्ही शब्द पाहा, एकात घराची मागची बाजू आहे, दुसऱ्यात सरळ 'बाहेर'. क्रियेचं नावच नाही, फक्त दिशा! विष्णुपुराणात तर बाण सोडल्यावर जिथे पडेल त्याच्याही पलीकडे जावं असं सांगितलं आहे. वस्ती विरळ आणि माणसं धडधाकट, तोवर हे ठीकच होतं. पण पावसाळ्यातल्या रात्री, बाळंतिणीने, तापाने फणफणलेल्या माणसाने, चौऱ्याऐंशीच्या बाईने किती बाण लांब जायचं? बायकांनी तर उजाडायच्या आत किंवा अंधार पडल्यावर. आई सहज म्हणून गेली, "आम्ही दिवसा कमी पाणी प्यायचो." म्हणजे पाणी तोडायची तिची सवय आजची नव्हती. मध्ये तीस-चाळीस वर्षं सुटली होती एवढंच.

पण लांब जायची सोय सगळ्यांनाच नसते. गडावर कुठे जाणार? म्हणून रायगडावर, राजगडावर दगडी शौचकूप आहेत. तटात बांधलेली जागा, आणि मैला तटाबाहेर पडायची सोय. सिंधुदुर्गाच्या तटातही असे शौचकूप दिसतात. जुन्या मराठीत याला 'शेतखाना' म्हणत. शेताशी त्याचा संबंध नाही बरं का. मूळ शब्द 'सेहतखाना', म्हणजे आरोग्याचं घर. फारसी दरबारातून आला आणि आपल्या जिभेवर शेतखाना झाला. मोल्सवर्थच्या कोशातही तो सापडतो. आपल्या पूर्वजांनी त्याला एकदा तरी आरोग्याचं घर म्हटलं होतं, याचं मला बरं वाटलं.

गड असला की तटाबाहेर दरी असते. शहरात तटाबाहेर दुसऱ्याचं घर असतं. तिथून टोपलीचा संडास सुरू होतो.

हा मी पाहिला आहे. एका मोठ्या गावी आत्याकडे सुट्टीत जायचो, तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. मागच्या अंगणात चार पायऱ्या चढून जायचं, वर दोन फळ्या, मध्ये भोक. खाली टोपली. आणि मागच्या बोळाच्या बाजूला, अगदी जमिनीलगत, एक बुटका दरवाजा. त्या दरवाजातून पहाटे एक बाई टोपली ओढून घेत असे. एकदा मी लवकर उठलो आणि वर जाऊन बसलो. खालून फळीवर टकटक झाली. कुणीतरी आहे का, हे बघायला. मी इतका घाबरलो की चड्डी हातात घेऊन पळालो. सगळे पोट धरून हसले. मीही पुढे कित्येक वर्षं तो किस्सा रंगवून सांगितला. खालच्या टकटकीकडून तो किस्सा कसा दिसत असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

मुंबईच्या चाळीत आमच्या कोकणातली निम्मी माणसं राहिली. तिथेही सुरुवातीला हीच व्यवस्था होती. संडासांच्या मागून अरुंद घरगल्ली, आणि तिथून मैला काढणारी माणसं. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात यासाठी घरमालकांवर जो कर होता, त्याचं नाव 'हलालखोर कर'. हलालखोर म्हणजे कष्टाची, हक्काची भाकर खाणारा. नाव किती भारदस्त! शेतखान्यासारखंच. कामाला आणि जागेला आपण नावं छान छान देतो. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई सरकारने या लोकांच्या राहणीची चौकशी करायला वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तोवर डोक्यावरून मैला वाहणं ही इतकी रोजची गोष्ट होती, की त्यात चौकशी करण्यासारखं काही आहे, असं फार थोड्यांना वाटत होतं.

आता त्या वासाचं कोडं.

आमच्या गच्चीवरून सुवर्णदुर्ग दिसतो. १७५५ साली कमोडोर विल्यम जेम्सने पेशव्यांच्या साथीने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. पुढे जेम्स वारल्यावर त्याच्या बायकोने लंडनजवळ शूटर्स हिलवर एक बुरूज उभारला, आणि आमच्या किल्ल्याच्या नावावरून त्याला 'सेव्हर्नड्रूग' म्हटलं. तो आजही आहे. हे सगळं आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण सुवर्णदुर्ग पडल्यावर वीस वर्षांनी, १७७५ साली, त्याच लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने एका वाकड्या नळीचं पेटंट घेतलं, ते आम्ही कुणाला सांगत नाही. खरं म्हणजे आमच्या घरात त्या किल्ल्यापेक्षा या नळीने जास्त फरक पाडला आहे.

नळी कसली, इंग्रजी 'एस' अक्षरासारखं एक वळण. पाणी टाकलं की घाण वाहून जाते, पण शेवटचं थोडं पाणी वळणात अडकून राहतं. ते अडकलेलं पाणी हेच दार. खालचा वायू वर येऊ शकत नाही, माश्या जाऊ-येऊ शकत नाहीत. ना बिजागरी, ना कडी. दर वेळी दार धुऊन निघतं आणि आपोआप लागतं. संडास घराबाहेर ठेवण्याचं सगळ्यात मोठं कारण वास हे होतं. ते या दोन-तीन बोटं पाण्याने संपवलं, आणि बाण पडेल तिथून पलीकडची गोष्ट माजघराच्या शेजारी आली. चिनी मातीची चकचकीत भांडी, साखळ्या, टाक्या, हा सगळा पुढचा थाट. मूळ शोध हा बाक.

मग माझ्या कमोडमध्ये पाणी उभं असताना वास का? कारण सांधा. बाक असतो कमोडच्या पोटात, आणि कमोड जमिनीतल्या पाइपाला जिथे मिळतो तो सांधा बाकाच्या पुढे, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूला. कमोड हलला की आधी तो सांधा तडकतो. दार बंद, पण भिंतीलाच भगदाड. तुमचाही कमोड हलत असेल आणि बुडाशी ओल किंवा वास असेल, तर वरून पांढरं सिमेंट लिंपून समाधान मानू नका. वास थांबेल, गळती आत चालू राहील.

पाण्याच्या दाराने वास गेला, तरी मैल्याचं पुढे काय, हा प्रश्न उरतोच. तो प्रश्न आपल्या कोकणात ज्या माणसाने अंगावर घेतला त्याचं नाव अप्पा पटवर्धन. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. त्यांना कोकणचे गांधी म्हणतात, आणि म्हणून ठेवून विसरतात.

१९३२ साली अप्पा रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे संडास साफ करायचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडेच असे. अप्पांनी मागणी केली, हे काम मला द्या. तुरुंगाने नाही म्हटलं. वरच्या जातीच्या माणसाला ते काम देणं नियमात बसेना! कैदी इतर सवलती मागतात, हा माणूस मैला उचलायची परवानगी मागत होता, आणि ती मिळेना म्हणून त्याने अन्नावर हात ठेवला. येरवड्यात गांधीजींना हे कळलं. सप्टेंबरातल्या उपासाला आणि पुणे कराराला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. ३ डिसेंबर १९३२ ला त्यांनी अप्पांच्या पाठिंब्यासाठी उपास सुरू केला, आणि सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सोडला.

पण अप्पा नुसते झाडू घेऊन थांबले नाहीत, म्हणून मला ते मोठे वाटतात. एकाने हौसेने मैला उचलल्याने दुसऱ्याचा उचलणं थांबत नाही, हे त्यांना कळलं होतं. उचलावाच लागणार नाही असा संडास हवा. १९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला. कणकवली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होती. तिथे त्यांनी चरांचे, खड्ड्यांचे, कमी खर्चाचे संडास करून पाहिले. 'गोपुरी संडास', 'सोपा संडास' ही त्यांची नावं. मैला मातीत मुरू द्यायचा, कुजू द्यायचा आणि खत म्हणून शेताला घालायचा. या खताला मराठीत फार पूर्वीपासून शब्द आहे, सोनखत. पुन्हा सुंदर नाव! पण इथे मात्र नाव आणि काम एकमेकांना शोभलं.

हीच कल्पना पुढे वेगवेगळ्या रूपांत देशभर गेली. १९७० साली बिहारमध्ये बिंदेश्वर पाठक यांनी सुलभ संस्था काढली आणि दोन खड्ड्यांचा संडास घरोघर पोचवला. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आतलं कोरड्या मातीसारखं होतं, वास नाही. भांड्याचा उतार तीव्र ठेवायचा, म्हणजे दीड-दोन लिटर पाणी पुरतं. वडिलांनी १९७९ साली केलेला संडास याच पद्धतीचा होता. आम्ही त्याच्यावर कमोड चढवला. जुन्या कमोडची टाकी एका वेळी दहाएक लिटर पाणी सोडते. आमचे खड्डे लवकर का भरतात, याचा मला त्या रात्री उलगडा झाला.

असो. रविवारी दापोलीहून सामान आणलं. चार स्टेनलेस स्टीलचे बोल्ट (लोखंडाचं नाव काढलं नाही), प्लास्टिकचे प्लग, रबरी वॉशर, पाइपाच्या तोंडासाठी रबरी जोड, पांढरं सिमेंट, आणि हातमोज्यांचे दोन जोड.

आधी नळ बंद केला, टाकी रिकामी केली, आतलं उरलेलं पाणी डब्याने आणि फडक्याने काढलं. भोवतीचं सिमेंट बारीक छिन्नीने हळूहळू सोडवलं. चिनी मातीला एक घाव जास्त बसला की कमोडच नवा आणावा लागतो. मग दोन्ही हात घालून उचलला. वजन फार नाही. पण उचलल्यावर खाली जे होतं ते बघून मी तसाच दोन पावलं मागे आलो. आपलंच. आमच्याच घरातल्या माणसांचं, अठरा-एकोणीस वर्षांत तडकलेल्या सांध्यातून झिरपलेलं. तरी पोटात ढवळलं. बाहेर जाऊन माडाला टेकून उभा राहिलो.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मलाही वाटलं, कुणीतरी माणूस बघावा. पैसे देऊ, दुप्पट देऊ. काकांच्या तोंडून ऐकताना राग आला होता, ते वाक्य माझ्याही जिभेवर तयार होतं.

परत आत गेलो. खरवडून काढायला, धुवायला पाऊण तास लागला. एवढंच. पाऊण तास आणि साबण. खालची दबलेली भर काढून पक्का मसाला भरला, पाणसळ ठेवून सारखा केला, आणि तो वाळेपर्यंत दोन दिवस आईची सोय शेजाऱ्यांकडे केली. मंगळवारी काका आपणहून आले. मी साफ केलेलं बघून काही बोलले नाहीत, पण बाह्या वर करून बसले. भोकं त्यांनी पाडली, रबरी जोड मी धरला. बोल्ट पिळताना एकदा इकडचा थोडा, एकदा तिकडचा थोडा, असं आलटून पालटून घ्यायचं, आणि घट्ट झाल्यावर जोर करायचा नाही, नाहीतर पाया तडकतो. हे त्यांनी शिकवलं. भोवती सिमेंट फिरवताना मागच्या बाजूला बोटभर जागा मुद्दाम मोकळी ठेवली. पुन्हा गळलं तर ओल लपून राहायला नको. आणखी एक दिवस कुणी बसायचं नाही.

हात धुताना काका म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्याने अशा ठिकाणी पाऊल टाकलं नसतं." मी म्हटलं, "माझ्याही."

आता हा माझा पराक्रम म्हणून सांगत नाही. मी माझ्या घरचं, एकदा, हातमोजे घालून केलं. आपल्या देशात १९९३ साली कोरडे संडास बांधण्यावर आणि हाताने मैला उचलायला माणूस ठेवण्यावर कायद्याने बंदी आली. २०१३ साली आणखी कडक कायदा झाला, त्यात गटारं आणि सेप्टिक टँक यांत संरक्षणाशिवाय माणूस उतरवायलाही मनाई झाली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, आणि २०२३ साली ती तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली यातच काय ते आलं. बुटका दरवाजा गेला, त्याच्या जागी टाकीवरचं गोल झाकण आलं. टँकर येईना, पाइप पोचेना, की आपण सहज म्हणतो, माणूस बघा.

निघायच्या आदल्या रात्री आई आतून आली. टक् आवाज नाही. तिने येता येता तांब्याभर पाणी घेतलं आणि ओटीवर बसून सावकाश प्यायली. मी तिला विचारलं, "आत्याकडे ती पहाटे बाई यायची ना, तिचं नाव काय होतं गं?"

आईला त्या घरातली म्हैससुद्धा नावाने आठवते. बराच वेळ विचार केला तिने.

"नाव कुठलं," म्हणाली, "तिला कधी हाक मारायची वेळच आली नाही. ती आपणहून यायची आणि जायची."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "सणाला पोळी द्यायचो. वरून."